गाढवकानी

पासो एर्मोसो, १८ जानेवारी १९५९

आत्या, तुझा हात कपाळाला लावतो.

दक्षिणेत जाऊन भाचा मुका झाला, असं तू म्हणतेस. मुका नाही गं, हात रिकामा नाही. जंगल तोडून वस्ती केली म्हणजे काय, ते इथं आल्याशिवाय कळायचं नाही. आज छाटलं की चार दिवसांत पुन्हा कोंब. मका तेवढा बरा येतो. पण आता एक सांगण्यासारखी गोष्ट झाली आहे. सासरेबुवांनी दिलेल्या व्हॅनिलाच्या वेली झाडांच्या खांद्यापर्यंत चढल्या, आणि ओतिलिया म्हणते की यंदा फुलतील.

वेल मागायला मार्सिआनोबाबांकडे गेलो होतो, आठवतं? मला वाटलं होतं, एकुलती लेक इतक्या लांब नेणाऱ्याला म्हातारा कोयता दाखवेल. पण मागितलेल्या वेलीला आपल्यात कोणी नाही म्हणत नाही. त्यांनी खालची पानं खुडून, केळीच्या पानात गुंडाळून गाठोडं हातात दिलं. देणाऱ्याच्या अंगणात ते सोडून बघायचं नसतं, म्हणून मी बघितलंही नाही. उचललं आणि चालू लागलो. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आत्या. मी त्या माणसाला उगाच वाईट समजत होतो.

इथली माती म्हणजे लोणी. पान इतकं रुंद होतं की त्यात मक्याच्या पिठाचा तामाल गुंडाळावा. मी खेचरं हाकणाऱ्याचा पोरगा, तुझ्या मळ्यात नुसती ओझी वाहिली, मला वेलीतलं काय कळतं? पण बघूनच पोट भरतं. शेजाऱ्यांनीही आमच्याच वेलींचे तुकडे नेऊन लावले. आता सगळी वस्ती फुलांची वाट बघते आहे. आणि काट्याने आतली धूळ दाबून फुलाचं लग्न लावायला येतं ते एकट्या ओतिलियाला, त्यामुळे सध्या तिचा भाव वधारला आहे. त्यात आणखी एक. ऑगस्टात घरात पाळणा बांधायचा आहे. आता तरी हस.

तुझा क्रिस्पिन

आत्याबाई, मी ओतिलिया. एक विचारायचं होतं. नव्या मातीत वेलीचा स्वभाव बदलतो का?


सेरो प्रिएतो, १२ फेब्रुवारी १९५९

क्रिस्पिना, बाळा,

पाळण्याचं वाचलं आणि तव्यावरची तोर्तिया करपली. करपू दे. शेजारणीला हाका मारून सांगितलं, कोंबडीलाही सांगितलं.

ओतिलियाला जड उचलू देऊ नकोस, पण फुलांना हात लावू दे. पोटुशीने वेलीत जाऊ नये म्हणणारी कोणीतरी बाई तिथंही भेटेलच. तिला म्हणावं, सेरो प्रिएतोची पिफा पोटुशी असतानाही सगळं रान फुलवत होती. काटा संत्र्याचाच घ्यायचा, टोक जरा बोथट करून. फूल सकाळी उघडतं आणि जेवणवेळेला मान टाकतं, म्हणून न्याहारीचा आळस नको. मधला पडदा काट्याने उचलायचा आणि अंगठ्याने पिवळी धूळ खाली दाबायची. ओतिलिया हे माझ्याच पायरीवर बसून शिकली, तिला काय सांगायचं! ऑर्किडचं घराणं केवढं मोठं, सगळ्याजणी नुसत्या नटून बसणाऱ्या. पोटाला घालणारी ही एकटीच, म्हणून हिचे लाड करायचे.

पान फार रुंद म्हणतोस, तर सावली जास्त होत असेल. वरच्या फांद्या छाट.

आणि ओतिलिया, मुली, तुझ्या प्रश्नाला काय उत्तर देऊ? वेल कुठंही गेली तरी माहेरचं वळण सोडत नाही. म्हणून तर देणाऱ्याचं घर बघून मागायची असते. तू तुझ्या बाबांचीच वेल नेलीस, तुला कसली काळजी? की माहेरची आठवण येते म्हणून वळसा घालून विचारतेस?

तुझे बाबा परवा चिठ्ठी ऐकायला आले होते. त्यांना अक्षर येत नाही, मीच वाचून दाखवते. डोळ्यांतल्या पाण्याचं वाचलं तसे उठले आणि निघाले. आतोलेच्या पेजेचा वाडगा अर्धा तसाच राहिला. बापाचं मन, दुसरं काय.

पिफा आत्या


पासो एर्मोसो, २० एप्रिल १९५९

आत्या, हात कपाळाला.

फुललं! पहिल्या सकाळी ओतिलियाने मला हलवून उठवलं आणि बाहेर नेलं. हिरवट पिवळी फुलं, मेणाने केल्यासारखी. पदर खोचून, दातांत काटा धरून ती एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जात होती, जशी काही लग्नघरात वाढायला निघाली आहे. आमचं झालं की उबाल्दाचं, मग पलीकडच्यांचं. आता सगळी वस्ती सकाळी तिचीच वाट बघते. उबाल्दा म्हणजे आमची शेजारीण, जीभ कोयत्यासारखी, पण परवा तिनेही ओतिलियाला बसायला पाट दिला.

"किती जणांची लग्नं लावलीस आज?" असं मी रोज विचारतो. ती म्हणते, "लावली सगळ्यांची. नांदतील तेव्हा खरं."

सुरुवातीची काही गळाली. ती म्हणाली, पहिली गळतातच.

शेंगांवर सुईने टोचायची खूणही तिने ठरवली आहे. पाच टिंबं, बोटांची टोकं टेकल्यासारखी. चोराला कळलं पाहिजे ना शेंग कोणाची, आणि आपल्यालाही.

क्रिस्पिन

आत्याबाई, कृपा करून तुमच्या मळ्यातल्या वेलीचा एक तुकडा पाठवा. लवकर पाठवा. ह्यांना मी सांगितलेलं नाही की का. तुम्हीही विचारू नका.


सेरो प्रिएतो, १४ मे १९५९

क्रिस्पिना, ओतिलिया,

फुलांचं वाचून मी मेरीच्या मूर्तीपुढे वात लावली. पाच टिंबांची खूण मला फार आवडली. माझी तर नुसती दोन काड्यांची फुली आहे, आळशी बाईची खूण.

पण ओतिलिया, तू तुकडा मागितलास आणि मी दिवसभर चूल फुंकत विचार करत बसले. मागितलेली वेल नाकारू नये, हे खरं. पण एका दात्याच्या मळ्यात दुसऱ्याची वेल घुसवली तर पहिल्याचा अपमान होतो, हेही आपलंच. तुझ्या बाबांनी डोळे भरून दिलेलं रान आहे ते. त्यात मी माझा तुकडा खोचला तर सगळं गाव म्हणेल, पिफाला मार्सिआनोची वेल कमी वाटली. थोरल्या माणसाची मान खाली घालायला लावू नकोस मला. नुसती आठवण म्हणून हवा असेल तर गावी येशील तेव्हा स्वतःच्या हाताने तोड. तेव्हा बाळ कडेवर असेल.

गळणाऱ्या फुलांची काळजी नको.

पिफा आत्या


पासो एर्मोसो, ९ जून १९५९

आत्या,

सगळी गळाली. पहिलीच नव्हे, सगळी. बोटभर शेंग धरते, दोन दिवस हिरवी राहते, मग देठाशी पिवळी पडते आणि सकाळी खाली. आमच्याकडे तसंच, उबाल्दाकडेही, आणि वस्तीच्या टोकाला तर एकाच्याही वेलीवर काही उरलं नाही. मुळाशी मुंग्या नाहीत, बुरशी नाही. वेल अशी तरतरीत की बघून संताप येतो.

आणि त्याच आठवड्यात आमचं बाळही गेलं. मुलगा होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला ठेवला.

उबाल्दा म्हणते की ओतिलियाचा हात गरम आहे. ज्याला लागतो ते धरत नाही, आतलंही आणि बाहेरचंही. मी तिला म्हटलं, तोंड सांभाळ. पण ती एकटी असती तर ठीक होतं. आता पुरुषही तेच बोलतात, माझ्यासमोर नाही, पण मी जवळ गेलो की विषय बदलतात.

ओतिलियाला मी काही बोललो नाही. ती दिवसभर वेलीच्या पानावर अंगठा फिरवत बसते.

क्रिस्पिन


सेरो प्रिएतो, २ जुलै १९५९

माझ्या पोरांनो,

चिठ्ठी मी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा वाचवेना. त्या छोट्यासाठी उंबऱ्यावर पाणी ठेवलं आहे. त्याला वाट सापडेल.

आता क्रिस्पिना, नीट ऐक. मुलं माझीही दोन गेली. तेव्हा माझा हात गरम होता का? त्याच हातांनी मी तुला वाढवला. वेलीवरची शेंग आणि पोटातलं मूल एका दोरीत ओवणारी बाई तुझ्या दारात आली तर तिला दारातूनच परत पाठव. आणि तू स्वतः ते ओवलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही.

गळ होते त्याला कारण असतं. मला गळालेली शेंग आणि वेलीचं एक पान चिठ्ठीत घालून पाठव. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काय सांगणार?

मार्सिआनोला हे सगळं वाचून दाखवावं लागलं. बाळाचं ऐकून तो उठून गेला. संध्याकाळी आवाज आला म्हणून डोकावले तर हा आपल्या पडवीमागचं सगळं कुंपण कोयत्याने उतरवतोय, वेली, काटे, सगळंच. मी म्हटलं, "अरे, कुंपणावर कसला राग?" तर म्हणाला, "वाढलं होतं फार." दुःख असंही बाहेर पडतं माणसाचं.

पान पाठव. विसरू नकोस.

पिफा आत्या


पासो एर्मोसो, ३ मे १९६०

आत्या,

फार दिवसांनी लिहितो. तुझी चिठ्ठी पुरात नदीकाठच्या दुकानात अडकली होती. मिळाली तेव्हा पान पाठवायचं मनात आलं, आणि मग नाही पाठवलं. खरं सांगू? वस्तीत मान वर करून चालवत नाही. त्यात गावालाही कळवायचं की क्रिस्पिनची वेल वांझ आहे?

यंदा पुन्हा फुललं. ह्या वेळी पंचांनी ठरवलं की ओतिलियाने वेलीत पाय ठेवायचा नाही. उबाल्दाच्या लेकीने लग्नं लावली. ओतिलियाने तिला घरात बसून, काडी आणि कागदाच्या फुलावर शिकवलं. पोरीचा हात हलका आहे, चुकली नाही. तरी गळाली. तेव्हा म्हणाले, हात नाही तर नजर. मग म्हणाले, शिकवताना पोरीच्या हाताला हात लागलाच असेल.

शेवटी उबाल्दाने उपाय सांगितला. मका भिजवायला चुना असतोच घरात. गरम हात चुन्यात बुडवला की तो उष्णता ओढून घेतो. तसं केलं. कळीचा चुना होता, नुकताच पाणी टाकलेला, त्यामुळे जरा भाजलं. दोन्ही हात बांधून ठेवले आहेत. बरं होईल.

पान घालतो आहे. ओतिलियानेच तोडायला सांगितलं. तिला काटा धरवत नाही. म्हणाली, आत्याबाईंना हे पाठवा, एवढंच पाठवा.

क्रिस्पिन


सेरो प्रिएतो, १६ मे १९६०

क्रिस्पिना,

ही चिठ्ठी घेऊन येणाऱ्या माणसाला आधी पाणी दे. मग त्याला उभा ठेवून ही सगळ्या वस्तीसमोर मोठ्याने वाच. त्याला अक्षर येत नाही, पण आत काय आहे ते त्याला ठाऊक आहे.

पाकीट उघडलं आणि पान माझ्या मांडीवर पडलं. वाळलेलं होतं, पण मी आंधळी असते तरी ओळखलं असतं. रुंद, मध्ये पन्हळीसारखं दबलेलं, टोक मागे मुरडलेलं. ही आपली माणसाळू वेल नाही. ही गाढवकानी आहे.

तुला ठाऊक नसणार, म्हणून लिहिते. आपल्याकडे व्हॅनिला एका जातीची नाही. माणसाळू, जी आपण लावतो. पट्टेरी, जिच्या पानावर पांढरी रेघ असते. केळ-शेंगेची, तिचा वास वेगळा. आणि ही गाढवकानी. फूल सगळ्यांत देखणं, म्हणून कुंपणावर ठेवतात आणि देवापुढे वाहतात. पण तिला स्वतःची धूळ चालत नाही. तिच्या फुलाचं लग्न तिच्याच फुलाशी लावलं की शेंग दोन दिवस नांदते आणि गळते. तिला दुसऱ्या जातीची धूळ लागते. आणि तुमच्या वस्तीत जी वेल आहे ती सगळी एकाच वेलीची लेकरं. तिथं देवदूताने येऊन लग्न लावलं असतं तरी धरलं नसतं. हात कोणाचाही असो.

पान घेऊन मी मार्सिआनोकडे गेले. तो मका सोलत होता. पान त्याच्यापुढे ठेवलं.

"हे कशाचं पान?"

"वेलीचं."

"ते गाढवालाही कळतं. कुठल्या वेलीचं?"

त्याने कणीस खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी वेल नाकारली नाही, पिफा."

"नाही. नाकारायला छाती लागते."

"तीन वर्षं," म्हणाला. "तीन वर्षं वाट बघेल, शेंग धरणार नाही, मग हात टेकेल आणि तिला घेऊन परत येईल. एवढंच माझ्या मनात होतं. त्याचं वाटोळं नव्हतं करायचं मला. माझा नातू ह्या अंगणात रांगायला हवा होता."

"ओतिलियाला ठाऊक होतं?"

"ती त्या कुंपणावर चढून मोठी झाली. पहिलं पान फुटलं तेव्हाच ओळखलं असेल. मला वाटलं, नवऱ्याला सांगेल."

"आणि सांगून काय, बापाने फसवलं म्हणेल? तू आधीच त्याला डोळ्यांसमोर नको होतास. मग तो तुला आयुष्यात दारात उभा करणार नाही, हे तिला कळत नव्हतं?"

त्याने दुसरं कणीस उचललं.

"बाळ गेलं तेव्हा? लोक तिच्या हाताला बोलतात हे मी तुला वाचून दाखवलं तेव्हा?"

"तेव्हा कुंपण तोडलं."

"कुंपण तोडलंस. तोंड उघडलं नाहीस."

मग तो रडला. मी पाणी दिलं नाही.

आणि माझंही ऐक. पोरीने माझ्याकडे वेलीचा तुकडा मागितला होता. ती बापाला झाकून वेलीला दुसरी धूळ आणायला बघत होती, आणि मी तिला मानपानाचे धडे दिले. आता मार्सिआनोच्या डोक्यावर जे गाठोडं आहे त्यात माझी माणसाळू वेल आहे. ह्या वेळी सगळ्यांसमोर सोडून बघ.

एक राहिलं. "तसं केलं" असं लिहिलंस तू. कोणी केलं? कळीच्या चुन्यात आपला हात कोणी आपण होऊन ठेवत नाही. तिचा हात कोणी धरला होता, क्रिस्पिना?

पिफा आत्या


पासो एर्मोसो, ११ जून १९६०

आत्या,

"ओतिलिया, अगं ओतिलिया," अशा हाका मारत सासरे चढण चढून आले. डोक्यावर गाठोडं, कपडे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. मी दारात बसलो होतो. उठलो नाही. त्यांनी दोनदा हाक मारली आणि मग माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा मारली नाही.

तुला मागची चिठ्ठी टाकायला मी नदीवर गेलो होतो. परत आलो तेव्हा तिचा जबडा आवळला होता. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. डॉक्टर नदीपलीकडे असतो, आणि होडी दुसऱ्या दिवशी. पाणी घालायला गेलो तर दात उघडेनात. पाठ धनुष्यासारखी वाकायची. तिला सगळं कळत होतं, आत्या. शेवटपर्यंत डोळे फिरवून बघत होती.

बाळाशेजारी ठेवली.

तुझी चिठ्ठी मी वाचली, तू म्हणालीस तशी, सगळ्यांना बोलावून. सासरे उभे होते. पाणी दिलं होतं, प्यायले नाहीत. हातात भांडं धरून उभे होते. मी दोनदा थांबलो. शेवटचा तुझा प्रश्नही मोठ्याने वाचला. तो सगळ्यांनी ऐकला आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तुला मात्र लिहून कळवतो.

मी धरला होता. मडकं उबाल्दाने आणलं, पंच उभे होते, पण मनगटं माझ्या मुठीत होती. ती सोडवायला बघत नव्हती. ओरडलीही नाही. एकदाच म्हणाली, "बाबांना विचारा." मला वाटलं, माहेर आठवलं. मी म्हटलं, झालं, झालं, थोडा वेळ.

वाचून झाल्यावर उबाल्दा म्हणाली, "मग तिने सांगितलं का नाही?" तिचा नवरा उठला, घरी गेला आणि आपल्या सगळ्या वेली कोयत्याने तोडून आला. मग दुसरे गेले. संध्याकाळपर्यंत वस्तीभर वेलींचे ढीग पडले. आमच्या तेवढ्या उभ्या आहेत. मी कोयता घेऊन गेलो होतो. पण प्रत्येक वेल झाडाला तिने बांधलेली आहे, मक्याच्या सालीने, तिच्याच गाठीने. तोडवलं नाही.

सासरे इथंच आहेत. जा म्हणायला माझं तोंड नाही, राहा म्हणायलाही नाही. ते ओसरीत झोपतात.

क्रिस्पिन


सेरो प्रिएतो, ४ जुलै १९६०

क्रिस्पिना,

तुला माफ केलं असं समजू नकोस. मार्सिआनोला तर नाहीच. मलाही नाही. आपण तिघेही ह्यात आहोत आणि तिघेही जेवतो आहोत.

पण एक करायचं आहे. तिच्या वेली तोडू नका. माझी वेल त्यांच्या शेजारी लावा. दोघी एकत्र फुलायला तीन वर्षं लागतील. मी असेन की नसेन, गुडघे आताच ऐकत नाहीत. तोवर मार्सिआनोला तिथंच ठेव. त्याला सांग, पिफाने शिक्षा सांगितली आहे: जो कोणी विचारेल, काहीही विचारेल, त्याला पहिल्यापासून सांगायचं. केळीच्या पानातल्या गाठोड्यापासून. मधलं काही गाळायचं नाही.

तिच्यासाठी उंबऱ्यावर पाणी ठेवलं आहे. त्याच्या शेजारी संत्र्याचा काटा.

पिफा आत्या


पासो एर्मोसो, ६ सप्टेंबर १९६३

आत्या, तुझा हात कपाळाला लावतो. लावू दिलास तर.

तुझी वेल एप्रिलात फुलली, तिच्या वेलींबरोबर. माझी बोटं जाड, मला जमेना. सासरे पहाटे उठायचे, तुझ्या फुलातली धूळ पानाच्या तुकड्यावर घ्यायचे आणि तिच्या फुलांकडे न्यायचे. एका हाताने दुसरा धरून ते लग्न लावायचे. काटा तिचाच होता, पाटावर ठेवलेला सापडला होता.

मग आम्ही वाट बघितली. दोन दिवस गेले, मग आठवडा. मी रोज सकाळी खाली जमिनीवर बघायचो, वर बघायची हिंमत नव्हती. खाली काही नव्हतं.

सगळ्या नाही, पण धरल्या. तिच्याच वेलीवर, तिच्याच गाठींच्या वर, घोसच्या घोस. आता वीतभर झाल्या आहेत. परवा सासऱ्यांनी सुई घेतली आणि एकेका शेंगेवर पाच टिंबं टोचायला बसले, बोटांची टोकं टेकल्यासारखी. तेव्हा कुंपणापाशी उबाल्दा आली. त्या दिवसानंतर ती आमच्या दारात आली नव्हती. म्हातारी झाली आहे. शेंगांकडे एक हात पुढे केला, मग मागे घेतला.

मला म्हणाली, "हे कसं धरलं रे?"

मी म्हटलं, "बाबांना विचार."

सासऱ्यांनी सुई खाली ठेवली, तिला बसायला पाट दिला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

क्रिस्पिन